बत्तीस किलोबाइटांचा चंद्र

“...पण मास्तर, मेमरी आठपट वाढवली, तरी ते म्हणतं जागा नाही. हे कसं?”

दस्तगीर मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे एक तानपुरा आडवा पहुडला होता. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, एका तारेच्या पोटाखाली, ते सुताचा एक दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवीत होते. तार छेडायची, ऐकायचे. दोरा हलवायचा, पुन्हा ऐकायचे.

“आठपट,” उन्मेष पुन्हा म्हणाला. आकडा मोठा असला की तो दोनदा सांगायची त्याला सवय होती.

“आधी किती होती?”

“बत्तीस किलोबाइट. म्हणजे काहीच नाही.”

“तेव्हा काय म्हणायचं यंत्र?”

“तेव्हा...” उन्मेष अडखळला. “तेव्हा मी चौथीत होतो.”

तार एकाएकी मोकळी बोलली. मास्तरांनी कानामागची शिसपेन्सिल काढली, दोरा थांबला होता तिथे घोडीवर एक बारीक रेघ ओढली आणि पेन्सिल पुन्हा कानामागे खोवली.

मास्तर मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत जन्मले, तांत्रिक शाळेत तीस वर्षे रेडिओ शिकवून निवृत्त झाले आणि परत गल्लीत येऊन बसले. त्यांच्या कार्यशाळेच्या एका भिंतीवर वाळलेले भोपळे टांगलेले असत. दुसऱ्या भिंतीशी जुने टेपरेकॉर्डर पोटे उघडी टाकून बसलेले असत. दोहोंची नाडी मास्तर एकाच कानाने पाहत.

उन्मेष देवस्थळी मोठ्या कानाचा नव्हता. मोठ्या पदाचा होता. पुण्याच्या एका कंपनीत तो साठवणुकीचा प्रमुख. कोट्यवधी लोकांची छायाचित्रे, पत्रे आणि बारशांचे चित्रपट कोणत्या कोठारात ठेवायचे, हे तो ठरवी. एवढ्या लोकांचे विस्मरण थोपवून धरणाऱ्या माणसाला घरच्याच एका यंत्राने तीन महिने दाराबाहेर तिष्ठत ठेवले होते.

यंत्र त्याच्या वडिलांचे. देवस्थळी सर सांगलीला गणित शिकवीत. त्यांच्या आतेभावाने विलायतेहून त्यांना एक घरगुती संगणक आणून दिला होता. कळफलकाच्याच पोटात त्याचा सगळा संसार. चित्र दिसायला घरचा टीव्ही, आणि साठवायला गाण्यांची असते तसली साधी कॅसेट. सरांनी त्यावर एक आज्ञावली लिहिली, कॅसेटवर उतरवली, वर निळ्या शाईने ‘सुमतीचा हजारावा चंद्र’ असे लिहिले आणि पत्नीला सांगितले, “तुझ्या हजार पौर्णिमा कधी पुऱ्या होतात ते ह्यात घालून ठेवलंय. वेळ जवळ आली की विचार.”

सुमतीबाईंनी सदतीस वर्षे विचारले नाही. आता वेळ जवळ आली होती. सर मात्र सहा वर्षांपूर्वीच गेले होते.

सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस ठरवायचा होता. गुरुजी पंचांग घेऊन आले. सुमतीबाईंनी त्यांना चहा दिला आणि पंचांग न उघडता परत पाठवले. उन्मेषने फोनवर एका पळात पौर्णिमा मोजल्या. सुमतीबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“मला नको सांगूस. तुझ्या फोनची मी कोण?”

मंगल कार्यालयवाल्याने पौषातली एक आणि माघातली एक अशा दोन पौर्णिमा त्यांच्यासाठी अडवून ठेवल्या होत्या. उद्या दुपारी बारापर्यंत एकीचे नाव सांगायचे होते. बारानंतर दोन्ही सुटणार होत्या.

“पहिल्यापासून सांग की,” मास्तर म्हणाले.

“पहिल्यांदा मी यंत्र स्वच्छ केलं.” उन्मेष सरसावून बसला. हा त्याच्या आवडीचा अध्याय होता. “गणपतीत सांगलीहून पुण्याला नेलं, तेव्हा काय दशा होती म्हणून सांगू! हळद, कुंकू, उदबत्तीची राख. दर खंडेनवमीला आई त्याची पूजा करायची. कळांच्या फटींतून अक्षता निघाल्या, मास्तर. अक्षता! मी एकेक कळ, एकेक बटण स्पिरिटने पुसलं. यंत्र पुसलं, टेपरेकॉर्डर पुसला. आता पाहाल तर म्हणाल, दुकानातून आत्ता उचलून आणलंय.”

पुरावा म्हणून त्याने पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापसाचा गुंडाळा काढून पुढे ठेवला.

“मग?”

“मग कॅसेट लावली. वाचेना.”

“मग?”

“मग काय! कॅसेट हे माध्यमच कालबाह्य. मी एका ध्वनिमुद्रणवाल्याकडून तिचा आवाज उतरवून घेतला, त्याची फाइल केली, आणि ती वाचायला यंत्राला एक कार्डाची पेटी जोडली. एका कार्डात असल्या पाच हजार कॅसेटी मावतात.”

“तुझ्याकडे किती आहेत?”

“...एक.”

“बरं की. मग?”

“पेटी उत्तम. पण यंत्र म्हणालं, जागा नाही. म्हणून मेमरीचा एक फलक जोडला. जागा नाही. दुसरा जोडला. जागा नाही. मग एवढ्या सगळ्यांना वीज पुरेना, म्हणून वेगळा वीजपुरवठा घेतला. तो तापायला लागला, म्हणून पंखा बसवला.”

“पंखा चालतो?”

“पंखा फारच छान चालतो.”

“वा.”

मास्तरांच्या ‘वा’मध्ये काही दडले आहे की काय, हे उन्मेषला कळेना. हात रिकामा राहिला की त्याला पुसायला काहीतरी लागे. बोलता बोलता त्याने कापसाचा बोळा केला होता, बोळा स्पिरिटात बुडवला होता. जवळ तानपुरा होता. स्वच्छ पांढऱ्या घोडीवर शिसपेन्सिलीचा एक ओरखडा दिसत होता...

ओरखडा गेला. बोळ्याबरोबर दोराही बोटभर सरकला.

“हं, आता कसं!” उन्मेष म्हणाला.

मास्तरांनी घोडीकडे पाहिले. मग उन्मेषकडे पाहिले. मग त्यांनी दोऱ्याला बोट लावले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. केसभर पुढे... केसभर मागे...

इतका वेळ आत मास्तरांच्या पत्नीशी बोलत बसलेल्या सुमतीबाई तेवढ्यात उंबऱ्याशी आल्या. मिरजेला यायचा हट्ट त्यांचाच होता. सरांचे यंत्र एकदा बिघडले होते, तेव्हा ह्याच मास्तरांनी ते सुधारून दिले होते, एवढा एकच आधार त्यांना पुरेसा होता.

“या वहिनी, बसा की.”

“कुठे बसू?” सुमतीबाई म्हणाल्या. “जागा नाही.”

कार्यशाळेत बसण्याजोगी एकच बाज होती. तिच्यावर उन्मेषची कार्डाची पेटी, मेमरीचे दोन फलक, वीजपुरवठा, पंखा आणि ह्या सगळ्यांची रिकामी खोकी अशी मंडळी ऐसपैस बसली होती. मूळ यंत्र कोपऱ्यात जमिनीवर होते.

“एक मिनिट, आई. उचलतो. एवढी मेमरी वाढवली, तर तिला ठेवायलासुद्धा कुठेतरी जागा लागणारच ना...”

वाक्य संपायच्या आत उन्मेषच थांबला.

मास्तरांचा दोराही थांबला.

...

“मास्तर,” उन्मेष हळूच म्हणाला, “ही कार्डाची पेटी मेमरीत स्वतःचं बिऱ्हाड कुठे थाटते?”

“मला काय ठाऊक? मी रेडिओ शिकवायचो.”

“मूळच्या बत्तिसात! अगदी दर्शनी खोल्यांत! आणि बाबांनी त्या बत्तिसात कणभर जागा मोकळी सोडली नसणार. ते वहीचं मलपृष्ठसुद्धा कोरं ठेवायचे नाहीत. बरं, मी जी नवी मेमरी वाढवली, तिचा पत्ता त्यांच्या आज्ञावलीला माहीतच नाही. म्हणजे मी जितकं जोडत गेलो, तितकं...”

“पाहुणे माजघरात आणि घरधनी अंगणात,” सुमतीबाई म्हणाल्या. “ते राहू दे. मी कधीची उभी आहे.”

बाजेवरून एकेक वस्तू उतरली. सुमतीबाई बसल्या. मग कोपऱ्यातले यंत्र बाकावर आले आणि उन्मेषने त्याची मूळची तार मास्तरांच्या जुन्या टीव्हीला जोडली. पेटी नाही, फलक नाहीत. पंखा त्याने अगदी शेवटी दूर सारला. त्या सगळ्यांत तेवढाच नीट चालत होता, म्हणून त्याचेच उन्मेषला अधिक वाईट वाटले.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली : बत्तीस किलोबाइट. खाली एक लहानशी रेघ लुकलुकू लागली. उघड्या अंगाने ओसरीवर येऊन बसलेल्या माणसासारखे ते यंत्र प्रसन्न दिसत होते.

“आता कॅसेट,” मास्तर म्हणाले.

“पण कॅसेट वाचत नाही ना! तिथूनच तर सगळं सुरू झालं.”

“मग तिथंच जाऊ की.”

सरांच्या टेपरेकॉर्डरचे बटण दाबले गेले. तापल्या तेलात मोहरी पडावी आणि तिच्यात हजार रातकिडे मिसळावेत, तसा आवाज कार्यशाळेत भरला. भिंतीवरचे भोपळे गुणगुणू लागले. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले.

पडद्यावर आले : चूक.

“पाहिलंत?”

“कॅसेट चांगली आहे,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “आवाज अंगावर येतोय. कमी कर.”

उन्मेषने आवाजाचे चाक फिरवले. यंत्राला आता काहीच ऐकू येईना.

“वाढव.”

चूक.

“किंचित कमी.”

चूक.

“किंचित म्हणजे किती, मास्तर? काही मोजमाप? काही आकडा?”

“यंत्राला कळेल इतका.”

“तो किती?”

“हे बघ, एवढ्याशा चाकावर जागा शंभर. त्यातली एक बरोबर. मी ऐकत ऐकत शोधली तर संध्याकाळ होईल. तुझे बाबा दर वेळी संध्याकाळ करायचे काय?”

“छे! ते तर चटकन लावायचे. मी पाहिलंय.”

“मग खूण असणार.”

“खूण कसली? चाक कोरं करकरीत आहे. मी स्वतः पुसलंय.” उन्मेषला आपल्या कष्टांची आठवण झाली. “काय चिवट होतं म्हणता! त्याच्या कडेला खंडेनवमीचा एक कुंकवाचा ठिपका होता. मेणात बसलेला. पाच बोळे लागले मला. पाच! पण काढला. नामोनिशाण नाही ठेवलं...”

कॅसेट संपून बटण खाड्‌कन वर आले.

“कुठला ठिपका?” सुमतीबाईंनी विचारले.

“ह्या चाकावरचा. तूच लावला असशील, पूजेत.”

“पूजेचं कुंकू मी झाकणावर लावते. कोरडं. मेण घालून कुणी यंत्राची पूजा करतं का? आणि चाकावर?”

“मग तो...”

“ते माझ्या कपाळाचं मेण होतं.” सुमतीबाईंनी पदर सावरला. “पहिल्यांदा ते यंत्र कॅसेटचं ऐकायला लागलं ना, तेव्हा हे केवढ्यांदा ओरडले! म्हणाले, सुमती, हे चाक धर, हलू नकोस, मी पेन्सिल आणतो. मी आपली धरून बसले. ह्यांना घरभर पेन्सिल मिळेना. गणिताचे मास्तर, आणि घरात एक पेन्सिल मिळेना! भाकरी तव्यावर करपायला लागली. शेवटी मी दुसऱ्या हाताने फडताळातला कुंकवाचा करंडा काढला, मेणाचं बोट टेकवलं आणि उठले.”

उन्मेषच्या हातातला बोळा गळून पडला.

“आई, हे मला आधी नाही का सांगायचं?”

“तू विचारलंस कधी? तू तिकडे पुण्यात बसून पुसत होतास.” त्या मास्तरांकडे वळल्या. “लहानपणापासून हा असाच हो. शाळेत फळा पुसायला सगळ्यांच्या पुढे. एकदा गृहपाठ कुणी उतरवून घ्यायच्या आत पुसून मोकळा झाला. अख्ख्या वर्गाने धरून बडवला होता.”

“सगळ्या वर्गाने नाही,” उन्मेष पुटपुटला. “जोगळेकर गैरहजर होता.”

मास्तरांचे बोट दोऱ्यावर होते. तार अजून तिची जागा शोधत होती.

“मास्तर...” उन्मेषचा आवाज प्रथमच खाली आला. त्याला समोर मंगल कार्यालय दिसू लागले, उद्याचे बारा दिसू लागले; आणि त्यांच्याही मागे, सदतीस वर्षे न विचारता थांबलेली आई दिसू लागली. “मी काय करून बसलो! आता काय करायचं?”

मास्तर उठले. त्यांनी कॅसेट उलट गुंडाळून घेतली, टेपरेकॉर्डर उचलला आणि तो सुमतीबाईंच्या मांडीवर ठेवला.

“अहो, मला कुठलं आठवायला!” सुमतीबाई दचकल्या. “शेवटचं कधी लावलं, तेसुद्धा आठवत नाही.”

“आठवू नका, वहिनी. नुसतं धरा.”

सुमतीबाईंनी चाकाला अंगठा लावला. डोळे बारीक करून त्या आठवू लागल्या. अंगठा पुढे गेला, मागे आला, गोंधळला.

“मास्तर, नाही हो...”

“आमच्यात हे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात,” मास्तर सहज बोलावे तसे म्हणाले. “भीमेच्या काठचे.”

“हो?” सुमतीबाईंनी भिंतीकडे पाहिले. “केवढाले आहेत! आणि हे असे टणक व्हायला वाळवता तरी किती दिवस?”

“सहा महिने. एखाद्याला वर्षही लागतं.”

“आणि आतला गर? तो कोण काढतं?”

“तो आपसूक वाळतो. मग वरून भोक पाडून...”

अंगठा थांबला होता.

सुमतीबाईंच्या ते ध्यानातही आले नव्हते. त्या भोपळ्यांकडेच पाहत होत्या. मास्तरांनी हात लांबवून बटण दाबले.

मोहरी तडतडली, रातकिडे सुरू झाले. पडद्यावर एक आकडा उमटला. मग त्याच्यापुढचा. मग त्याच्याही पुढचा.

“वाचतंय!” उन्मेष ओरडला.

“हळू,” मास्तर म्हणाले. “त्याला ऐकू दे.”

वाचन अकरा मिनिटे चालले. जगातील कोट्यवधी छायाचित्रे पापणी लवते न लवते तोच हलवणारा माणूस बत्तीस किलोबाइटांपुढे हात जोडून बसून राहिला. सातव्या मिनिटाला त्याला कळफलकावर धुळीचा एक कण दिसला. बोट आपोआप पुढे निघाले.

“हात,” सुमतीबाई म्हणाल्या.

हात मागे गेला.

आवाज थांबला. पडदा पुसला गेला आणि त्यावर अक्षरे आली. लिपी रोमन, पण मराठी अस्सल देवस्थळी सरांची :

‘सौ. सुमतीसाठी. इतरांनी, विशेषतः चि. उन्मेषने, यंत्रास हात लावू नये.’

प्रथम मास्तर हसले. मग भोपळे हसले. सुमतीबाईंना हसता हसता ठसका लागला, तेव्हा आतून मास्तरांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या आणि काय झाले ते न कळताच त्याही हसू लागल्या. उन्मेष तेवढा गंभीर होता. सदतीस वर्षांनी हा खटला पुन्हा उभा राहील, अशी त्याची कल्पना नव्हती.

खाली दुसरी ओळ आली : ‘वेळ जवळ आली का?’

सुमतीबाईंनी एका बोटाने, एकेक कळ शोधीत, ‘हो’ लिहिले.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका उजळला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा... पहिली ओळ भरली, दुसरी भरली. सरांनी पौर्णिमा नुसत्या मोजल्या नव्हत्या. एकेक करून मांडल्या होत्या. आडवे चाळीस, उभे पंचवीस. शेवटचा ठिपका उजव्या कोपऱ्यात लागला, तेव्हा पडद्यावर आणखी एकालाही जागा नव्हती.

क्षणभर हजार चंद्र तसेच राहिले. मग ते मावळले आणि मधोमध एक ओळ उरली :

‘माघी पौर्णिमा. थंडी असेल. शाल घे.’

सुमतीबाई पाहत राहिल्या.

“माघी!” उन्मेष उसळून उठला. “अगं आई, हीच! फोनने हीच तर सांगितली होती! एका पळात!”

“हो का?” सुमतीबाई पडद्यावरची दृष्टी न काढता म्हणाल्या. “आणि शालीचं काय म्हणाला तुझा फोन?”

...

उन्मेषने अंगणात जाऊन मंगल कार्यालयाला माघाचा निरोप दिला. परत आला तेव्हा त्याने प्रथम आईकडे पाहिले, मग यंत्राकडे, आणि मग, हात पाठीमागे बांधून, यंत्रापासून दोन पावले दूर उभा राहिला. सामान आवरताना त्याने पेटी, फलक आणि पंखा एका बाजूला काढून ठेवले.

“मास्तर, दक्षिणा म्हणून हे इथेच ठेवू का? मेमरी कधी उपयोगी पडेल. निदान पंखा तरी घ्या. खरोखर छान चालतो.”

मास्तरांनी नकाराची मान हलवली. दोरा केसभर पुढे गेला, केसभर मागे आला. तार छेडली गेली... आणि पुन्हा एकदा, सकाळसारखीच, मोकळी बोलली.

उन्मेष वाकून नमस्कार करू लागला. “मग काय देऊ, मास्तर? काहीतरी मागाच.”

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली. ती घोडीवर टेकवणार, तोच त्यांचा हात थांबला.

“ती स्पिरिटची बाटली तेवढी इथं ठेवून जा.”